उणे १९६ अंशांचा आसरा : अंडाशय गोठवण्याच्या दोन पद्धतींचा इतिहास

१/
नागपूरच्या सदर भागातून पश्चिमेकडे निघाले की सेमिनरी हिल्सचा परिसर लागतो. १९५८ साली स्थापन झालेले नागपूर पशुवैद्यक महाविद्यालय तेथेच आहे. ग्रामीण महाराष्ट्राला द्रवरूप नायट्रोजनची ओळख करून दिली ती पशुवैद्यकानेच. झाकण उघडताच पांढरी वाफ सोडणारी टाकी आणि तिच्या तळाशी जपलेले वळूचे गोठीत रेत, हे दृश्य गोपालकांच्या परिचयाचे आहे. त्याच थंडीत आज कर्करोग किंवा सिकलसेल असलेल्या मुलीचे अंडाशयही सुरक्षित ठेवता येते. पहिल्या प्रयोगापासून पहिल्या मानवी बाळापर्यंतच्या या प्रवासाला पंचावन्न वर्षे लागली. त्या प्रवासाचा आणि त्यातून पुढे आलेल्या दोन पद्धतींचा हा इतिहास.

२/
प्रथम मूळ प्रश्न. मुलगी जन्माला येते तेव्हा तिच्या दोन्ही अंडाशयांत मिळून सुमारे दहा ते वीस लाख अपक्व स्त्रीबीजे असतात. वयात येईपर्यंत त्यांची संख्या तीन-चार लाखांवर येते. ही शिदोरी आयुष्यात एकदाच मिळते, तिच्यात नंतर भर पडत नाही. कर्करोगावरील काही औषधे, ओटीपोटावर दिलेले किरण आणि अस्थिमज्जा प्रत्यारोपणापूर्वीचे तीव्र रसायनोपचार ही शिदोरी काही आठवड्यांत संपवू शकतात. रोग बरा होतो. परंतु विसाव्या-पंचविसाव्या वर्षीच रजोनिवृत्ती येते.

३/
उपचारांपूर्वी स्त्रीबीजे किंवा भ्रूण गोठवून ठेवणे हा एक मार्ग आहे. पण त्यासाठी संप्रेरकांची इंजेक्शने द्यावी लागतात आणि साधारण दोन आठवडे थांबावे लागते. वेगाने वाढणाऱ्या कर्करोगात तेवढी सवड मिळतेच असे नाही. जी मुलगी अजून वयातच आलेली नाही, तिच्या बाबतीत तर हा मार्ग उपलब्धच नसतो. तिच्यासाठी एकच उपाय उरतो : दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने एक अंडाशय किंवा त्याचा भाग काढून घेणे, त्याच्या बाहेरच्या थराच्या पातळ पट्ट्या करणे, त्या गोठवणे आणि रोग बरा झाल्यावर तिच्याच शरीरात पुन्हा बसवणे.

४/
विदर्भासाठी हा प्रश्न परका नाही. नागपुरात कर्करोगाच्या रुग्णांची लोकसंख्याधारित नोंदणी १९८० सालापासून होत आली आहे. त्याहून जुनी नोंद सिकलसेलची. १९५८ साली शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातील सिकलसेल वाहकांविषयीचा लेख ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. पूर्व विदर्भातील आदिवासी आणि दलित समाजांत हा आनुवंशिक रोग मोठ्या प्रमाणावर आढळतो. त्यावरील मुळापासूनचा प्रस्थापित उपचार म्हणजे अस्थिमज्जा प्रत्यारोपण; आणि त्या उपचाराची किंमत अनेकदा अंडाशयाला मोजावी लागते. सिकलसेलचा हा धागा पुढे पुन्हा येणार आहे.

५/
मग अंडाशय बर्फात का ठेवू नये? कारण पेशीचा खरा शत्रू थंडी नसून बर्फ आहे. पाणी गोठताना प्रसरण पावते. पेशीच्या आत बर्फाचे स्फटिक झाले की त्यांच्या कडा पेशीची आतली रचना फाडून टाकतात. बाहेर बर्फ झाला तर उरलेल्या पाण्यात क्षार दाट होतात आणि पेशीला अपाय करतात. म्हणजे दोन्हीकडून संकट. गोठवण्याच्या शास्त्राचा सारा इतिहास या दोन संकटांमधून वाट काढण्याचा इतिहास आहे.

६/
पहिली वाट योगायोगाने सापडली. लंडनमधील मिल हिल येथील राष्ट्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेत अॅलन पार्क्स, ऑड्री स्मिथ आणि ख्रिस्तोफर पोल्ज हे कोंबड्याचे शुक्रजंतू गोठवण्याचा प्रयत्न करीत होते. फळसाखरेच्या द्रावणाने यश येत नव्हते. एके दिवशी त्याच नावाच्या बाटलीतील द्रावण वापरले आणि शुक्रजंतू वितळल्यावर पुन्हा हालचाल करू लागले. तपासणीत उघड झाले की बाटलीवरची चिठ्ठीच चुकीची होती. आत साखर नव्हती, ग्लिसरीन आणि अंड्यातील प्रथिन होते. १९४९ साली हा शोध ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला.

७/
ग्लिसरीन पेशीत शिरते, पाण्याशी बांधले जाते आणि बर्फ होण्यास अटकाव करते. अशा द्रव्यांना गोठणरक्षक म्हणता येईल. या शोधाचा पहिला मोठा लाभ गाईगुरांना झाला. १९५१ साली गोठवलेल्या रेतापासून पहिले वासरू जन्मले. महाराष्ट्रात मणिभाई देसाई यांनी १९६७ साली उरुळी कांचन येथे स्थापन केलेल्या ‘बाएफ’ने गोठीत रेताद्वारे कृत्रिम रेतनाची सेवा शेतकऱ्याच्या दारापर्यंत नेली. मानवी वैद्यकाने ज्या तंत्रासमोर बराच काळ संकोच केला, ते तंत्र गोठ्यात केव्हाच रुळले होते.

८/
अंडाशयाचा विचारही मिल हिललाच सुरू झाला, हे फारसे सांगितले जात नाही. पार्क्स आणि स्मिथ यांनी १९५३ साली उंदरांच्या जातीतील प्राण्यांवर गोठवलेल्या अंडाशयाचे कलम करून पाहिले आणि ते ऊतक पुन्हा जिवंत झाल्याचे दाखवले. १९६० साली डेल्फिन पॅरट यांनी आणखी पुढचे पाऊल टाकले. उणे ७९ अंशांना गोठवलेले अंडाशय परत बसवलेल्या उंदरांच्या माद्यांना पिल्ले झाली. म्हणजे तत्त्वतः हा प्रश्न १९६० सालीच सुटला होता.

९/
तरीही त्यानंतर सुमारे तीन दशके हा विषय जवळजवळ अडगळीत पडला. त्याचे कारण प्रयोगशाळेबाहेर होते. त्या काळी रक्ताच्या किंवा लसिकाग्रंथींच्या कर्करोगातून तरुण मुली फारशा वाचतच नसत. जी वाचणारच नाही, तिच्या मातृत्वाची तजवीज कोण करणार? १९७० नंतर औषधोपचार सुधारले, वाचणाऱ्यांची संख्या वाढली आणि तेव्हा हा प्रश्न नव्याने उभा राहिला. उपचारांचे यश हेच या शास्त्राच्या पुनरुज्जीवनाचे कारण ठरले.

१०/
दरम्यान गोठण्यामागचे गणित उलगडत होते. १९५९ साली जेम्स लव्हलॉक आणि बिशप यांनी ग्लिसरीनपेक्षा चटकन पेशीत शिरणारे गोठणरक्षक पुढे आणले. त्याचे नाव डायमिथाइल सल्फॉक्साइड, संक्षेपाने डीएमएसओ. १९६३ साली पीटर माझूर यांनी थंड करण्याचा वेग आणि पेशीतून बाहेर पडणारे पाणी यांचे नाते मांडले. फार वेगाने थंड केले तर पाणी बाहेर पडण्याआधीच आत बर्फ होतो. फार सावकाश केले तर पेशी दाट क्षारांत दीर्घकाळ होरपळते. प्रत्येक पेशीसाठी या दोहोंमधला एक योग्य वेग असतो. १९७२ साली उंदरांची भ्रूणे याच विचाराने गोठवण्यात आली आणि त्यांतून पिल्ले जन्मली.

११/
या इतिहासात भारताचे पान आहे आणि ते दुःखद आहे. ३ ऑक्टोबर १९७८ रोजी कोलकात्यात ‘दुर्गा’ या नावाने ओळखली गेलेली मुलगी जन्मली. जगातील पहिल्या टेस्ट ट्यूब बाळानंतर अवघ्या ७० दिवसांनी. डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी भ्रूण डीएमएसओच्या साहाय्याने गोठवून ठेवले होते आणि नंतरच्या पाळीचक्रात ते गर्भाशयात सोडले होते. त्यांचे सहकारी सुनीत मुखर्जी हे जादवपूर विद्यापीठात अन्नतंत्रज्ञान क्षेत्रात काम करणारे. अन्न टिकवण्याच्या विद्येतून भ्रूण टिकवण्याची विद्या आली.

१२/
पश्चिम बंगाल सरकारने नेमलेल्या समितीने मुखोपाध्यायांचा दावा फेटाळला. परदेशी परिषदेत काम मांडण्याची परवानगी त्यांना मिळाली नाही. त्यांची बदली करण्यात आली. १९८१ साली त्यांनी आपले जीवन संपवले. गोठवलेल्या मानवी भ्रूणापासून गर्भधारणा झाल्याची शास्त्रीय नियतकालिकातील नोंद १९८३ साली ऑस्ट्रेलियातील ट्राउन्सन आणि मोर यांच्या नावावर झाली. जगाने जो मार्ग पुढे स्वीकारला, त्यावर कोलकात्यातील एका डॉक्टराने पाच वर्षे आधीच पाऊल ठेवले होते.

१३/
पुढचे पान मुंबईचे. ६ ऑगस्ट १९८६ रोजी परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांनी टेस्ट ट्यूब बाळ जन्मले. देशातील पहिले म्हणून त्याची नोंद झाली. आनंद कुमार हे परळच्याच प्रजनन संशोधन संस्थेचे संचालक. १९९७ साली मुखोपाध्यायांची कागदपत्रे त्यांच्या हाती आली. ती अभ्यासून त्यांनी जाहीरपणे लिहिले की पहिलेपणाचा मान मुखोपाध्यायांचा आहे. स्वतःच्या नावावरचा मान दुसऱ्याला परत देण्याची अशी उदाहरणे विज्ञानात विरळाच.

१४/
अंडाशयाकडे पुन्हा लक्ष गेले ते १९९० नंतर, आणि पुन्हा एकदा प्राण्यांमार्फत. मेंढीचे अंडाशय स्त्रीच्या अंडाशयाप्रमाणेच कठीण आणि तंतुमय असते. एडिंबरा येथे रॉजर गॉस्डेन, डेव्हिड बेअर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंढ्यांची अंडाशये काढली, पट्ट्या करून उणे १९६ अंशांना साठवली आणि त्याच मेंढ्यांना परत बसवली. गोठवलेल्या पट्टीतून कोकरू जन्मले. १९९४ साली हे काम प्रसिद्ध झाले आणि त्यातील कृती थोड्याफार फरकाने माणसांसाठी वापरली जाऊ लागली.

१५/
ही कृती म्हणजे पहिली पद्धत, हळूहळू गोठवण्याची, अर्थात स्लो फ्रीझिंग. अंडाशयाच्या बाहेरच्या थराच्या एक ते दोन मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या करतात, कारण बीजांचा साठा याच थरात असतो. त्या डीएमएसओ किंवा इथिलीन ग्लायकॉलच्या सौम्य द्रावणात भिजवतात. मग संगणकाने नियंत्रित यंत्रात तापमान मिनिटाला दोन अंश या गतीने उणे सात ते नऊ अंशांपर्यंत उतरवतात. तेथे नळीला अतिथंड चिमट्याचा स्पर्श करून बर्फाचा पहिला कण मुद्दाम पेशींच्या बाहेर निर्माण करतात.

१६/
यानंतरची पायरी संयमाची. मिनिटाला एक अंशाचा तिसरा हिस्सा, इतक्या मंद गतीने उणे ४० पर्यंत उतरायचे. बाहेर बर्फ वाढत जातो, तो पेशीतील पाणी ओढून घेतो आणि पेशी आतून जवळपास कोरडी होते. पुढे गती वाढवून उणे १४० आणि शेवटी द्रवरूप नायट्रोजनमध्ये उणे १९६. एकूण दोन-अडीच तासांचे काम. यंत्र महाग, नायट्रोजन भरपूर लागणारा. परंतु कृती ठरलेली असल्याने तंत्रज्ञ बदलला तरी परिणाम फारसा बदलत नाही.

१७/
याच पद्धतीने इतिहास घडवला. १९९७ साली ब्रसेल्समध्ये हॉजकिन लिंफोमा झालेल्या पंचवीस वर्षांच्या स्त्रीच्या अंडाशयाचे तुकडे रसायनोपचारापूर्वी गोठवण्यात आले. उपचारांनी तिची पाळी थांबली. २००३ साली जाक दोने यांनी ते तुकडे तिच्या शरीरात परत बसवले. पाळी सुरू झाली, गर्भधारणा नैसर्गिकपणे झाली आणि २३ सप्टेंबर २००४ रोजी मुलगी जन्मली. वजन ३.७२ किलो.

१८/
शंकाही उपस्थित झाल्या. स्त्रीबीज परत बसवलेल्या तुकड्यातूनच आले, शरीरात उरलेल्या अंडाशयातून नाही, हे कशावरून? प्रश्न रास्त होता. २००५ साली इस्राएलमधील डॉर मेइरो यांच्या गटाने दुसरे बाळ नोंदवले, मग डेन्मार्क, स्पेन, जर्मनी येथून नोंदी येत गेल्या आणि शंका विरत गेली. २०१७ पर्यंत अशा बाळांची संख्या १३० च्या पुढे गेली होती. २०१९ साली अमेरिकेच्या प्रजनन वैद्यक संघटनेने या उपचारावरील ‘प्रायोगिक’ हा शिक्का काढून टाकला.

१९/
आता दुसरी पद्धत. तिचा विचार पहिलीपेक्षा जुना आहे. अमेरिकेतील सेंट लुई येथे काम करणारे बासील ल्युए हे कॅथलिक धर्मगुरू आणि जीवशास्त्रज्ञ. बर्फ होऊच न देता पाण्याला काचेसारखे घट्ट करावे, ही कल्पना त्यांनी १९४० च्या सुमारास हिरिरीने मांडली. तिला व्हिट्रिफिकेशन म्हणतात, मराठीत काचीकरण. परंतु त्यासाठी लागणारा वेग तेव्हा साधणे अवघड होते. १९८५ साली विल्यम रॉल आणि ग्रेगरी फाही यांनी गोठणरक्षकांचे दाट मिश्रण वापरून उंदरांची भ्रूणे बर्फाविना उणे १९६ अंशांना नेली, आणि जुनी कल्पना हाताशी आली.

२०/
दोन पद्धतींतील फरक मराठी स्वयंपाकघरात सहज सापडतो. साखरेचा पाक सावकाश निवू दिला की खडीसाखर होते : मोठे, रेखीव स्फटिक. तोच पाक आटवून दाट केला आणि पाटावर पसरून झटपट थंड केला की चिक्कीची कडक, पारदर्शक काच होते. स्फटिक होण्यास साखरेला वेळच मिळत नाही. हळूहळू गोठवण्याच्या पद्धतीत स्फटिक होतात, पण ते पेशीबाहेर राहतील अशी व्यवस्था असते. काचीकरणात द्रावण दाट असते, थंडावा क्षणात दिला जातो आणि स्फटिकांना जागाच उरत नाही.

२१/
काचीकरणाचे लाभ उघड आहेत. महागडे यंत्र लागत नाही, काम लवकर आटोपते, लहान प्रयोगशाळेतही करता येते. सुट्या स्त्रीबीजांच्या आणि भ्रूणांच्या बाबतीत त्याने जुन्या पद्धतीला जवळपास हद्दपार केले. मात्र स्त्रीबीज ही एकच पेशी. अंडाशयाची पट्टी म्हणजे बीजे, त्यांच्या भोवतीच्या पेशी, तंतू आणि रक्तवाहिन्या यांचे एकत्र कुटुंब. दाट द्रावण पट्टीच्या गाभ्यापर्यंत पोचायला हवे, पण वरच्या थराला त्याची विषबाधा होता कामा नये. पट्टी थोडी जाड राहिली तर आत बर्फ होतो. द्रावणात जास्त वेळ ठेवली तर पेशी मरतात. यंत्राची जागा येथे तंत्रज्ञाच्या हाताने घेतलेली असते.

२२/
तुलना काय सांगते? २००९ साली स्वीडनमधील केरोस, होव्हाट्टा आणि सहकाऱ्यांनी एकाच स्त्रीच्या ऊतकाचे तुकडे दोन्ही रीतींनी गोठवून पाहिले. बीजे दोन्हींत टिकली; पण बीजांना आधार देणारे भोवतालचे ऊतक काचीकरणात अधिक चांगले राहिले. २०१७ साली अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेण्यात आला. धडधाकट बीजांच्या प्रमाणात ठळक फरक दिसला नाही; आधारऊतक आणि डीएनएची हानी या बाबतींत काचीकरण सरस ठरले. जपानमध्ये काचीकरण केलेल्या अंडाशयाच्या तुकड्यांपासून बाळ जन्मल्याची नोंद २०१३ साली झाली.

२३/
असे असूनही पारडे अद्याप जुन्या पद्धतीकडे झुकलेले आहे, आणि त्याचे कारण साधे आहे. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी चांगली दिसणे वेगळे आणि बाळ जन्मणे वेगळे. आजवर जन्मलेल्या बाळांपैकी बहुसंख्य बाळे हळूहळू गोठवलेल्या ऊतकातून आलेली आहेत. काचीकरणातून आलेली थोडी. युरोपीय प्रजनन वैद्यक संघटनेने २०२० साली हळूहळू गोठवण्याची रीतच प्रमाण मानली. नवी पद्धत हीन ठरली असा याचा अर्थ नाही. तिच्या मागे तेवढा पुरावा अजून जमलेला नाही, एवढाच.

२४/
या वादात एक गोष्ट झाकली जाते. सर्वांत मोठे नुकसान गोठवण्यात होतच नाही. एडिंबराच्या बेअर्ड यांनी १९९९ साली मेंढ्यांवर मोजमाप केले. गोठवण्या-वितळवण्यात सुमारे ७ टक्के बीजे गेली, तर परत बसवल्यानंतर रक्तपुरवठा सुरू होईपर्यंतच्या काळात सुमारे ६५ टक्के. नव्या रक्तवाहिन्या फुटेपर्यंत तो तुकडा प्राणवायूविना राहतो, आणि खरी होरपळ तेव्हा होते. म्हणून संशोधनाचा रोख आता थंडीवरून रक्तवाहिन्यांकडेही वळला आहे. बसवल्यानंतर अंडाशय कामाला लागण्यास साधारण चार-पाच महिने जातात आणि ते सरासरी चार-पाच वर्षे, कधी त्याहून अधिक काळ टिकते.

२५/
आता सिकलसेलचा धागा. काँगोमध्ये जन्मलेली एक मुलगी अकराव्या वर्षी बेल्जियमला आली. तिला तीव्र सिकलसेल होता. भावंडाची अस्थिमज्जा देण्यापूर्वी, चौदावे वर्ष पुरे होण्याच्या आत, तिचे एक अंडाशय काढून हळूहळू गोठवण्यात आले. तिला तेव्हा पाळी सुरू झालेली नव्हती. दहा वर्षांनी ते तुकडे परत बसवले आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये तिला मुलगा झाला. पाळी येण्यापूर्वी गोठवलेल्या अंडाशयातून जन्मलेले हे जगातील पहिले नोंदवलेले बाळ. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा या जिल्ह्यांतील मुलींना ज्या रोगाने ग्रासले आहे, त्याच रोगाच्या एका मुलीने हे दार उघडले.

२६/
दोन वर्षांनी, डिसेंबर २०१६ मध्ये, लंडनमध्ये थॅलेसेमियातून बरी झालेली दुबईची एक तरुणी आई झाली. तिचे अंडाशय लीड्स येथे ती नऊ वर्षांची असताना गोठवले होते. मात्र हा उपाय सरसकट नाही. रक्ताच्या कर्करोगात अंडाशयाच्या तुकड्यासोबत कर्करोगाच्या पेशी परत शरीरात जाण्याचा धोका असतो, म्हणून तेथे फार सावधगिरी बाळगतात. पस्तिशीनंतर बीजांचा साठाच घटलेला असल्याने हा उपाय सहसा सुचवत नाहीत. सिकलसेल आणि थॅलेसेमियात कर्करोग परतण्याची भीती नसल्याने या मुलींना लाभाची शक्यता अधिक, हे विदर्भाने लक्षात ठेवण्याजोगे आहे.

२७/
कोणती पद्धत निवडावी, हा प्रश्न नागपूरसारख्या शहरात वेगळे रूप घेतो. महागडे यंत्र आणि अनुभवी चमू प्रत्येक शहरात असणे शक्य नाही. भारतात अंडाशय गोठवण्याची सोय मोजक्याच केंद्रांत आहे. डेन्मार्कने याला उत्तर शोधले : अंडाशय स्थानिक रुग्णालयात काढायचे, बर्फावर ठेवून चार-पाच तासांत कोपनहेगनच्या एकाच प्रयोगशाळेत पोचवायचे आणि तेथे गोठवायचे. जर्मनीत रात्रभराच्या प्रवासानंतर गोठवलेल्या ऊतकातूनही बाळे जन्मली आहेत. म्हणजे प्रवास ऊतकाने करायचा, आजारी मुलीने नाही.

२८/
नागपूर ते मुंबई हे अंतर आठशे किलोमीटरहून अधिक. विमानाने दीड तासाच्या आसपास. प्रत्यारोपणासाठी दान केलेले अवयव ग्रीन कॉरिडॉरने विमानतळावर पोचवण्याचा अनुभव नागपूरला आहेच. छिंदवाडा रस्त्याने सदरमार्गे शहरात येणारे मध्य प्रदेशातील रुग्ण आणि गडचिरोलीकडून येणारे रुग्ण, दोघांनाही नागपूर हेच मोठ्या उपचारांचे गाव. तेथे अंडाशय काढण्याची शस्त्रक्रिया आणि एक बर्फाची पेटी एवढी व्यवस्था झाली, तर पद्धतीचा प्रश्न अनुभवी प्रयोगशाळेकडे सोपवता येतो.

२९/
१ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. तपासणी आणि समुपदेशन हे त्याचे मुख्य अंग. सहायक प्रजनन तंत्रज्ञानाचा कायदा २०२१ साली आला. त्याची भाषा मुख्यतः स्त्रीबीज, शुक्रजंतू आणि भ्रूण यांची आहे. या दोन्ही वाटांच्या मध्ये उभी आहे ती अकरा-बारा वर्षांची मुलगी, जिच्या अंडाशयाविषयी उपचाराच्या धावपळीत कोणी बोलत नाही. आईवडिलांना जीव वाचवण्याची घाई असते, डॉक्टरांना औषध सुरू करण्याची. आणि पहिली सलाईन लागल्यावर हा प्रश्न विचारण्यात फारसा अर्थ उरत नाही.

३०/
एका चुकीच्या चिठ्ठीच्या बाटलीपासून सुरू झालेला हा इतिहास कोंबडा, वळू, उंदीर आणि मेंढी यांच्यामार्गे माणसापर्यंत आला. हळूहळू गोठवणे आणि काचीकरण या दोन्ही रीती आज काम करतात. पहिलीमागे बाळांचा पुरावा आहे, दुसरीमागे सोय आणि आशा. दोहोंतील फरक काही टक्क्यांचा असेल. उपचारापूर्वी विचारले गेले की नाही, हा फरक मात्र शंभर टक्क्यांचा आहे. कर्करोग किंवा अस्थिमज्जा प्रत्यारोपणाचा निर्णय ज्या दिवशी होईल, त्याच दिवशी, पहिल्या औषधापूर्वी, “हिच्या अंडाशयाचे काय?” एवढे एक वाक्य कोणीतरी उच्चारणे पुरेसे आहे. पुढचे काम थंडी करते.

(समाप्त)